बलुतं : सालाचा मोबदला आणि न मोजलेला वेळ

दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली 'ग्रंथाली'ने प्रसिद्ध केले. त्यानंतर या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले. दलित आत्मकथनांच्या प्रवाहातील त्याचे स्थान, त्यातील निवेदकाचे दुभंगलेपण, भाषा, मुंबईतला कावाखाना आणि गावातला महारवाडा यांमधली येरझार, हे सारे चर्चिले गेले. शीर्षकापाशी मात्र आपण फारसे थांबलेलो नाही. वर्गात हे पुस्तक शिकवताना 'बलुतं म्हणजे काय?' असे मी दरवर्षी विचारतो. बहुतेक विद्यार्थी 'भीक' असे उत्तर देतात. शहरात वाढलेला एखादा 'बारा बलुतेदार' हा शब्दप्रयोग आठवून स्वयंपूर्ण खेड्याचे, गुण्यागोविंदाने चालणाऱ्या गावगाड्याचे चित्र उभे करतो. दोन्ही उत्तरांत बलुते ही कामाच्या मोबदल्याची एक पद्धत होती, ही साधी गोष्ट हरवलेली असते.

या लेखाचे निमित्त थोडे वेगळे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी नगरच्या सावेडी भागात हिशेबतपासणीच्या एका लहान कचेरीत काम करते. चारपाच माणसांचे कार्यालय. तिथे अशिलांकडून कामागणिक किंवा तासागणिक पैसे घेत नाहीत, वर्षाची एक रक्कम ठरवतात. मग त्या वर्षात विवरणपत्रे भरायची असोत, कर खात्याची नोटीस येवो, की बँकेला एखादा कागद हवा असो, सारे त्या रकमेत. कामाच्या दिवसांचेही तसेच. हंगामात रात्री दहा वाजतात, एरवी आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम चालते. मालक याला नवी पद्धत म्हणतात. हे सगळे सांगून झाल्यावर ती हसून म्हणाली, "सर, म्हणजे आमचं बलुतंच की!"

विनोद म्हणून तो सोडून देता आला असता. पण मला तो सोडवेना. साम्य वरवरचे नाही, आणि भेद नेमका कुठे आहे हे मला तिथल्या तिथे सांगताही आले नाही. तो शोधताना मी पुन्हा नगर जिल्ह्याच्याच इतिहासात शिरलो. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, जुन्या काळाबद्दल लिहिताना मी जुनेच नाव ठेवतो.) धामणगाव याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे, आणि ज्या गावी बलुत्याच्या व वतनाच्या प्रश्नावर 1939 साली मोठी परिषद भरली ते हरेगावही याच जिल्ह्यात.

आधी यंत्रणा पाहू. उदाहरणादाखल सुतार घ्या. शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर यांची घडण आणि वर्षभराची दुरुस्ती सुताराकडे. लाकूड शेतकऱ्याचे, हत्यारे आणि हात सुताराचे. दर खेपेला पैसे द्यायचे नाहीत. सुगी झाली, पीक खळ्यावर आले, मळणी सुरू झाली की सुताराने खळ्यावर जायचे आणि ठरलेल्या पेंढ्या किंवा ठरलेले मापभर धान्य घेऊन यायचे. ज्याच्या घरी औते जास्त त्याचे काम जास्त, म्हणून त्याच्याकडचे बलुतेही जास्त. लोहाराचेही असेच, त्याच्याकडे कोळसा न्यायचा शेतकऱ्याने आणि बरेचदा भाता ओढायलाही शेतकऱ्याच्याच घरचा माणूस बसायचा. मात्र शेतीच्या अवजारांपलीकडचे काम, म्हणजे दार, खाट, नवी गाडी, बलुत्यात धरलेले नसे. त्याचे वेगळे पैसे किंवा वेगळे धान्य. न्हाव्याची नेहमीची हजामत बलुत्यात, लग्नाकार्यातला मान निराळा. आजच्या कचेऱ्यांतही 'वार्षिक रकमेत काय बसते आणि काय बसत नाही' यावरच सर्वांत जास्त वाद होतात, असे माझी विद्यार्थिनी सांगते. तो वाद जुना आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली निघाला. बलुत्याची ही व्यवस्था इतक्या तपशिलाने मराठीत त्याआधी कोणी मांडली नव्हती, आणि त्यानंतर जे लिहिले गेले ते बव्हंशी त्यांच्या खांद्यावर उभे राहून. बलुतेदारांच्या तीन ओळी किंवा कासा मानण्याची रीत त्यांनी नोंदवली आहे. एका प्रचलित मांडणीत थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावागणिक यात फेरबदल असत. ज्याच्यावाचून शेती अडते तो वरच्या ओळीत, ज्याच्यावाचून निभते तो खालच्या. वर्णव्यवस्थेची उतरंड इथे जवळजवळ उलटी झालेली दिसते. भट धाकटा, महार थोरला! आपल्याकडे हे पाहून काहींना फार आनंद होतो आणि गावगाडा मुळात न्याय्य होता असे ते सांगू लागतात. पेंढ्यांची संख्या आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन निराळ्या वह्या होत्या. एकीतली बाकी दुसरीत ओढता येत नव्हती.

दुसरी एक गोष्ट इथेच नमूद केली पाहिजे. ही सेवा कोणाची, घराची की गावाची? अमेरिकन मिशनरी वायझर यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या एका खेड्यावरून 1936 साली 'जजमानी' पद्धतीचे वर्णन केले. तिच्यात विशिष्ट कारागीर-घराणे विशिष्ट यजमान-घराण्यांना बांधलेले असते. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी 1972 सालच्या निबंधात अठराव्या शतकातली मराठी कागदपत्रे तपासून दाखवले की महाराष्ट्रातला बलुतेदार मुख्यतः साऱ्या गावाचा नोकर होता. त्याचे वतन गावात होते, एखाद्या घरात नव्हते. वतनदार बलुतेदारांबरोबर उपरी बलुतेदारही असत, म्हणजे बाहेरगावाहून येऊन काम धरलेले. हा फरक पंडिती वाटेल, पण त्याचे परिणाम मोठे होते. घर देत नसेल तर गावाकडे दाद मागता येते. गावच देत नसेल तर?

आता वेळेकडे वळू. बलुतेदाराचा आठवडा हा शब्दच खरे तर चुकीचा. आठवडा होता तो बाजाराचा. कामाचे माप वार नव्हते, हंगाम होता. मृगाच्या तोंडावर सुताराच्या दारात पाभरींची रांग लागायची, आणि माघ-फाल्गुनात तो खळी फिरत असायचा. मधले महिने ढिले. औताला अमावास्येची सुट्टी, कारण बैलांना सुट्टी; माणसाची सुट्टी बैलाच्या आडोशाने यायची. वार पाळणे पाहायचे तर न्हाव्याच्या धंद्यात पाहावे: आजही महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. गिरणीतल्या रविवारचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरण्यांना 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी मिळण्यासाठी आधी तास मोजले जावे लागले, भोंगा वाजावा लागला. ज्याचे तास कोणी मोजतच नाही त्याने सुट्टी कशातून कापून मागायची?

सुताराला हा प्रश्न फारसा छळत नसावा. त्याच्या हातात एक हत्यार होते, जे वाकसापेक्षा मोठे होते: उशीर. ज्याचे बलुते गेल्या सुगीला पुरते पोचले नाही त्याच्या पाभरीला पेरणीच्या दिवसांत नेमका वेळ मिळत नसे. ही तक्रार गावोगावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेली आहे, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग असतो तसे थोडे कौतुकही असते. शिवाय सुतार उठून दुसऱ्या गावी जाऊ शकत होता. उपरी म्हणून त्याला ठेवून घ्यायला गावे तयार असत. कौशल्य दुर्मीळ, गरज निकडीची, वाट मोकळी. अशा माणसाला सालाचा मोबदला आणि न मोजलेला वेळ म्हणजे बऱ्यापैकी सोय होती.

ग्रामजोश्याचे प्रकरण आणखी मजेचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी न्यायालये आल्यावर त्याचे वतन मालमत्तेसारखे मानले जाऊ लागले. यजमानाने दुसऱ्या कोणाकडून लग्न लावून घेतले तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शकतो, असे निकाल मुंबई इलाख्यात झाले. काम न करताही मोबदला! सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्ने लावायला सुरुवात केल्यावर हा वाद केवळ पैशांचा राहिला नाही. शेवटी सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी 1926 साली मुंबई कायदेमंडळात कायदा झाला आणि न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क संपला.

आणि महार. त्याच बारांतला एक, आत्र्यांच्या मांडणीत थोरल्या ओळीतला. खळ्यावर त्याचाही वाटा होता, नावाने त्यालाही बलुतेच म्हणत. पण सुताराला जे होते त्यातले एकही त्याच्याजवळ नव्हते. त्याचे काम 'काय काय' याची यादीच पुरी होत नसे. गावची वेस राखणे, दवंडी, सारा तालुक्याला पोचवणे, आलेल्या अंमलदाराचे सामान आणि घोडा सांभाळणे, मेलेले जनावर ओढणे, कोणी वारले तर परगावच्या पाहुण्यांना पायी जाऊन सांगणे. रात्र आहे, पाऊस आहे, अंगात ताप आहे, या सबबी नव्हेत. परंपरेने सांगितलेल्या बावन्न हक्कांची यादी अभिमानाने सांगितली जाई. 'बलुतं'मध्येही त्या हक्कांचा उल्लेख येतो. ती यादी वाचताना मला नेहमी वाटते की हक्कांची संख्या मोजलेली आहे, कामांची नाही.

इंग्रजी राज्याने यात एक फरक केला, आणि तो वाईटाकडे नेणारा होता. वतनदारांची विभागणी 'सरकारउपयोगी' आणि 'रयतउपयोगी' अशी झाली. सुतार, लोहार, कुंभार हे रयतउपयोगी. त्यांचे आणि गावाचे काय ते त्यांनी पाहून घ्यावे. महार सरकारउपयोगी, म्हणून 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात तो कनिष्ठ गावनोकर म्हणून बसवला गेला. काम सांगणार सरकार, आणि मोबदल्याचा मोठा भाग देणार रयत. जी रयत देणार, तिच्यावर सरकारी कामाची बजावणी करायची पाळीही बरेचदा महारावरच. सारावसुलीसाठी जो दारात उभा राहिला, त्यालाच सुगीला त्याच दारातून पेंढ्या मागायच्या. आजच्या भाषेत सांगायचे तर मालक एक आणि पगार देणारा दुसरा, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

नगर हा अवर्षणाचा जिल्हा. बलुते हा पिकातला वाटा असल्यामुळे पीक बुडाले की बलुते बुडाले. शेतकऱ्याला निदान जमीन गहाण टाकून कर्ज काढता येई. 1876-77 च्या दुष्काळात कारागीर आणि गावनोकर मोठ्या संख्येने सरकारी दुष्काळी कामांवर गेले. 1878 साली सुरू झालेला, नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग अशाच काळात घातला गेला. त्या कामांवर मजुरीचे माप होते, हजेरी होती, किती माती खणली याची मोजणी होती. मजुरी इतकी तुटपुंजी होती की सर रिचर्ड टेंपल यांनी ती आणखी कमी केल्यावर 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामेच सोडली. पिढ्यान्पिढ्या ज्यांचा वेळ कोणी मोजला नव्हता, त्यातल्या अनेकांच्या दिवसाची पहिली मोजदाद अशी उपाशीपोटी झाली.

याच गाठीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोट ठेवले. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यातील मागण्या साहित्याच्या अभ्यासकांनीही मुळातून वाचाव्यात अशा आहेत, कारण 'बलुतं' या शब्दाची इतकी नेमकी चिकित्सा त्याआधी कोणी केली नव्हती. मागण्या थोडक्यात अशा. ज्या वतनदाराला नोकरी नको असेल त्याला ती सोडण्याची मुभा असावी आणि पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी. बलुते धान्यात न राहता त्याचे रोख करात रूपांतर व्हावे आणि तो कर साऱ्याबरोबर वसूल होऊन वतनदाराला मिळावा. वतनदाराने कोणते काम करायचे आणि कोणाचे करायचे नाही, हे नियमांनी ठरावे. कायद्यातला जो जाच त्यांनी विशेष दाखवून दिला तो असा, की नेमलेला वतनदार गैरहजर असला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही कामाला लावता येत होते. म्हणजे एका माणसाच्या नावावर सारे घर राबवायला मोकळे.

या मागण्यांत अधिक पेंढ्यांची मागणी नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाबासाहेबांना दर वाढवून नको होता. दर देण्याची रीत बदलून हवी होती. धान्याऐवजी रोख, खळ्याऐवजी कचेरी, सरसकट ताबेदारीऐवजी कामांची यादी, आणि सर्वांत आधी सोडून जाण्याची मुभा. सुताराजवळ जे रिवाजाने होते ते महाराला कायद्याने मागावे लागत होते. चिकित्सा समितीत विधेयकाचे रूप इतके पालटले की 1929 साली त्यांनी ते मागे घेतले.

पुढची घटना आपल्या जिल्ह्यातली. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावला 1920 च्या दशकात उभा राहिला होता. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांच्या आधाराने खालच्या भागात ऊस पसरला. धरण अकोले तालुक्यात, दया पवारांच्या तालुक्यात. मळे खाली राहुरी-श्रीरामपूरकडे. या हरेगावात 16 डिसेंबर 1939 रोजी महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. तात्कालिक कारण होते वतनी जमिनींवरची जुडी वाढवण्याचे. मोबदला म्हणून दिलेल्या जमिनीवरचीच आकारणी सरकार वाढवत होते, आणि काम मात्र तेवढेच राहणार होते. ही परिषद ऊस-कारखान्याच्या गावात भरावी यात मला निव्वळ योगायोग दिसत नाही. आसपासच्या माणसांना दोन्ही जगे एकाच वेळी दिसत होती. एकीकडे पाळी संपली की संपणारे काम आणि हातात पडणारी मजुरी, दुसरीकडे कधीच न संपणारे काम आणि सुगीची वाट. कारखान्यातली मजुरी काही सुखाची नव्हती. पण तिथे 'काम संपले' हे वाक्य उच्चारता येत होते.

त्याच आंबेडकरांनी आदल्याच वर्षी, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप घडवला होता. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. वतनाचा लढा आणि कामाच्या तासांचा लढा आपण दोन प्रकरणांत वाचतो, एक सामाजिक म्हणून आणि दुसरा आर्थिक म्हणून. माझ्या मते तो एकाच माणसाने एकाच गोष्टीसाठी दिलेला लढा आहे.

मराठीत मोबदल्याच्या रीतींना किती शब्द आहेत पाहा. रोजाने, उक्ते, सालाने, बलुत्याने, वेठीने. शिवाय पैशाचा संबंध नसलेले सावड आणि इर्जिक. सावडीत आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. इर्जिकेत गाव जमते आणि ज्याचे काम त्याने जेवण घालायचे. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो. आजही नगरच्या खेड्यांत पाडव्याच्या आधी नव्या सालाचे भाव बोलले जातात. या सगळ्या शब्दांत करार सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण आहे. अपवाद दोनच, वेठ आणि महाराचे बलुते. भाषेने ते दोन शब्द वेगळे ठेवले असले, तरी व्यवहाराने त्यांच्यातली भिंत फार पातळ केली होती. दया पवारांनी शीर्षकासाठी 'वेठ' हा शब्द घेतला नाही. तो घेतला असता तर वाचकाला लगेच कणव आली असती. त्यांनी असा शब्द घेतला जो सुताराचाही होता, भटाचाही होता, ज्याचा गावाला अभिमान होता. आपल्या वाट्याला त्या शब्दातून काय आले हे दाखवले की त्या अभिमानाचे काय उरते, हे सांगण्याची गरज राहत नाही. त्यांनी आपल्या आयुष्याच्या भोगालाही तोच शब्द लावला, तेव्हा तर खळ्यावरचा वाटा आणि नशिबाचा वाटा यांत अंतरच राहिले नाही.

1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि 1959 पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याआधीच 1956 च्या धर्मांतरातून कित्येक गावांत येसकरकी आणि जनावरे ओढणे सोडले गेले होते. सुतार-लोहारांचे बलुते मात्र कायद्याने नव्हे, पिकाने संपवले. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने आले. ज्वारी-बाजरी खळ्यावर येते, तिथे मागणाऱ्याचा हात पोचतो. गुऱ्हाळ गावात होते तोवर रस, काकवी, गूळ यांवरही तो पोचत असे. पण कारखान्याच्या उसाला खळे नाही. तो फडातून थेट काट्यावर जातो आणि त्याचे पैसे महिन्यांनी बँकेत जमा होतात. पाठोपाठ लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आले. सुतार तालुक्याच्या गावी दुकान टाकून बसला आणि दारावर 'रोख' अशी पाटी लागली.

मग ऊस तोडतो कोण? याच जिल्ह्याच्या पाथर्डी भागातून आणि शेजारच्या बीडमधून येणारी कुटुंबे. त्यांच्या मोबदल्याची रीत पाहिली की मी चमकतो. मजुरी टनावर. मोजायचे एकक माणूस नव्हे, 'कोयता'. म्हणजे नवरा-बायकोची जोडी मिळून एक. पैसे हंगामाआधी मुकादमाकडून उचल म्हणून घेतलेले, आणि हंगामभर ते फेडायचे. तासांचा हिशेब नाही. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची, काट्यावर रांग असेल तर बैलांसकट तिथेच रात्र काढायची. बायको आजारी पडली तर अर्धा कोयता होत नाही, उचल मात्र पुरीच राहते. बाबासाहेबांनी 1928 साली दाखवलेली ती गोष्ट, एकाच्या नावावर घर राबवण्याची, इथे करारातच बसलेली आहे. फरक एवढाच की बलुतेदाराला सुगीनंतर मिळत असे आणि कोयत्याला सुगीआधी मिळते. आधी मिळाल्यामुळे सुटका सोपी झाली असे दिसत नाही.

असो. माझ्या विद्यार्थिनीचा विनोद इथवर घेऊन आला. मध्यंतरी ती पुन्हा भेटली तेव्हा मी हे सारे तिला थोडक्यात सांगितले आणि विचारले, "तुमच्या कचेरीत वर्षाच्या मध्येच एखाद्या अशिलाला 'तुमचं काम पुढच्या वर्षी घेणार नाही' असं कळवता येतं का?"

"मालकांनी यंदाच दोघांना कळवलं," ती म्हणाली.

"आणि रात्री दहा वाजता मालकांचा फोन आला तर, तुला?"

ती जरा वेळ थांबली. मग तिने पिशवीतून फोन काढला, त्यावर आलेला निरोप पाहिला, आणि ऑफिसला जायला हवे असे सांगून उठली. तो वार रविवार होता.